हलणार नाही म्हणणारी बाई

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



पत्रिकेत विषय छापलाय ‘फाळणी, चित्रपट आणि स्त्री’. तेवढा पल्ला माझ्या आवाक्यातला नाही. मला बोलायचंय एकाच बाईबद्दल. देशाची वाटणी झाली, नकाशावर रेघ पडली, सगळे गाठोडी बांधायला लागले आणि ही म्हणाली, मी हलणार नाही. अशी बाई आपल्या चित्रपटांत अधूनमधून भेटते. तिथं तिचं काय होतं आणि प्रत्यक्षात अशा बायांचं काय झालं, एवढंच आज बघू.

‘बेगम जान’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. विद्या बालनचा, २०१७चा. त्याआधी दोन वर्षं सृजित मुखर्जी या दिग्दर्शकानं तीच गोष्ट बंगालीत केली होती, ‘राजकाहिनी’ या नावानं. तिथली बेगम जान ऋतुपर्णा सेनगुप्ता. गोष्ट चार ओळींत सांगता येते. गावापासून दूर एक कोठा आहे. रॅडक्लिफनं आखलेली सरहद्दीची रेघ नेमकी त्याच्या मधून जाते. दोन अधिकारी येतात, एक इकडचा, एक तिकडचा. मुदत देतात आणि घर रिकामं करा म्हणतात. मालकीण नकार देते. अधिकारी गुंड लावतात, बाया बंदुका चालवायला शिकतात, शेवटी कोठा पेटतो.

कल्पना जबरदस्त आहे, हे आधी कबूल करू. कोठ्यावर सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या बाया. घरच्यांनी टाकलेल्या, विकलेल्या, पळवून आणलेल्या. त्यांना कोणत्या देशात जायचं ते विचारून उपयोग काय? कुठल्याच देशात त्यांची वाट बघणारं कोणी नाही. फाळणीचा फोलपणा दाखवायला याहून चांगली जागा सापडणं कठीण.

चित्रपटाचा भूगोल तपासायची मला खोड आहे. ‘बेगम जान’मधला कोठा शकरगढ आणि दोरांगला यांच्या मधे आहे. गुरदासपूर जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकी पाकिस्तानात गेलेली एकमेव तहसील म्हणजे शकरगढ. जागा चोख निवडलीय. बंगाली चित्रपटातला कोठा मात्र देबीगंज आणि हल्दीबारी यांच्या मधे आहे. देबीगंज हे जलपायगुडी जिल्ह्यातलं ठाणं पूर्व बंगालला गेलं, ते खरंच. पण हल्दीबारी तेव्हा कूचबिहार संस्थानात होतं आणि संस्थानांच्या हद्दी रॅडक्लिफच्या अखत्यारीत नव्हत्या. कूचबिहारचं विलीनीकरण झालं ते १९४९ साली. म्हणजे तिथली हद्द जुनीच होती, फक्त तिला नवा अर्थ आला. हे खुसपट म्हणून सोडून द्या हवं तर.

पण त्याच मुलखातली दुसरी एक हकिगत सोडता येत नाही. भारताचे जमिनीचे तुकडे पूर्व बंगालच्या पोटात आणि तिकडचे तुकडे आपल्या पोटात, असा प्रकार तिथं होता. त्यांना ‘छिटमहाल’ म्हणत. फाळणीनंतर ६८ वर्षं तिथली माणसं धड या देशाची नव्हती, धड त्या देशाची नव्हती. अखेर ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. १११ छिटं बांगलादेशाला गेली, ५१ भारतात आली. आणि या वेळी लोकांना विचारलं गेलं, तुम्हाला कुठं राहायचंय? बहुतेकांनी सांगितलं, आहोत तिथंच. पलीकडून भारतात आलेली माणसं हजाराच्या आत भरली. त्यांतल्या काहींसाठी छावणी उभारली गेली ती हल्दीबारीलाच. ‘राजकाहिनी’ पडद्यावर आला त्याच वर्षी, ऑक्टोबरात. विचारल्यावर माणसं काय उत्तर देतात, ते पडद्यावर गोष्ट येण्याआधीच तिथं दिसून चुकलं होतं.

१९४७मध्ये हे विचारणंच झालं नाही. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला हिंदुस्थानात उतरले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. मधल्या दोन दिवसांत मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचं निशाण फडकत होतं आणि खुलन्यात भारताचं. मग निवाडा आला आणि निशाणं बदलली.

पुन्हा चित्रपटाकडं येऊ. दोन्ही चित्रपटांत ते दोन अधिकारी बोलतात तेव्हा चौकटीच्या दोन कडांना दोघांचे अर्धेअर्धे चेहरे दिसतात. फाळणी झाली, माणूस अर्धा झाला, असं दिग्दर्शकाला सुचवायचंय. एकदा दाखवलं असतं तर पोचलं असतं. पण माझं खरं भांडण शेवटाशी आहे. ‘राजकाहिनी’ हे नाव अवनींद्रनाथ ठाकुरांच्या रजपूत कथांच्या पुस्तकाचं. हिंदीत इला अरुणनं केलेली कोठ्यावरची म्हातारी छोट्या मुलीला झाशीच्या राणीच्या, मीरेच्या, रझियाच्या गोष्टी सांगत असते. कोठा पेटतो तेव्हा गोष्ट चालू असते पद्मिनीच्या जोहाराची. उरलेल्या बाया त्या आगीत आत शिरतात आणि दार लावून घेतात. ज्या बायांना समाजानं अब्रूच्या हिशेबात कधी धरलंच नाही, त्यांना मरताना दिग्दर्शक राणीची अब्रू देऊ करतो. थिएटरात टाळ्या पडतात. मला प्रश्न पडतो, एवढा वेळ ही बाई जगण्यासाठी, हक्काच्या छपरासाठी भांडत होती. तिला शेवटी मरणाचा मान कशाला हवा?

आगीसारखीच दुसरी एक जागा आपल्या चित्रपटांना ठाऊक आहे, ती म्हणजे विहीर. मार्च १९४७मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी नव्वदेक शीख बायांनी विहिरीत उड्या घेतल्या. भीष्म साहनी रावळपिंडीचेच. दंगल त्यांनी जवळून पाहिली, मदतकार्य केलं आणि पुढं ‘तमस’ ही कादंबरी लिहिली. गोविंद निहलानींनी ती १९८८मध्ये दूरदर्शनवर आणली. निहलानींचा जन्मही कराचीतला. मालिका बंद पाडायला लोक कोर्टात गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः बसून पाहिली आणि दाखवायला हरकत नाही असा निर्णय दिला.

‘तमस’मध्ये विहिरीकडं बायांना घेऊन जाते जसबीर, म्हणजे आपल्या उत्तरा बावकर. गुरुद्वारातून बाया निघतात, चालतात, आणि ते चालणं संपता संपत नाही. तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो, हात आपसूक जोडले जातात, आणि तिथंच मला भीती वाटते. पण भीष्मजींच्या कादंबरीत पुढं जे येतं ते या पूजेला पुरून उरणारं आहे. दंगल शमल्यावर मदत समितीच्या कचेरीत एक बाबू बसलाय. त्याला फक्त आकडे हवेत. किती मेले, किती जखमी, किती रुपयांची मालमत्ता गेली. बाकी रडगाणं नको. तिथं एक माणूस येतो. त्याची बायको त्या विहिरीत आहे, आणि तिच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून मिळतील का, एवढं त्याला विचारायचंय. बलिदानाची सगळी गाणी एका बाजूला आणि हा माणूस एका बाजूला. मोठा लेखक असा असतो.

थोहा खालसातून वाचलेल्यांच्या मुलाखती लेखिका उर्वशी बुटालियांनी दिल्लीत घेतल्या. त्यात एक बाई आहे. तीही विहिरीत उतरली होती, पण विहीर इतकी भरली होती की ती बुडाली नाही. तिच्या जगण्याचं काय करायचं हे त्या वीरगाथेला कळत नाही.

नेमकी अशी बाई घेऊन पाकिस्तानी दिग्दर्शिका सबीहा सुमार यांनी २००३मध्ये ‘खामोश पानी’ केला. किरण खेर त्यात आयेशा आहे. पाकिस्तानी पंजाबातल्या एका खेड्यातली विधवा, मुलींना कुराण शिकवते, सगळ्यांशी गोडीगुलाबीनं राहते, पण गावच्या विहिरीवर कधी जात नाही. पाणी शेजारच्या पोरी आणून देतात. हळूहळू कळतं की ती मूळची शीख. घरच्या पुरुषांनी उडी मार म्हटल्यावर ती पळाली होती. म्हणजे हिचं ‘नाही’ स्वतःच्या बापाला होतं. पुढं ती जिथं राहिली त्या गावची झाली. १९७९ साल आहे, लष्करशहा झियांची राजवट आहे, मुलगा धर्मवेड्यांच्या नादी लागलाय, आणि पलीकडून यात्रेला आलेल्या शिखांत तिचा भाऊ आहे. भाऊ न्यायला आला तरी ती जात नाही. मुलगा म्हणतो, चारचौघांत इमान जाहीर कर. तेही करत नाही. इतका सरळ कणा हिंदी चित्रपटात मी फारसा पाहिलेला नाही. आणि तरी शेवटी सबीहाबाई तिला त्याच विहिरीत पाठवतात. त्यामागचं कारण मला समजतं. तिला दोन्ही बाजूंनी घेरलंय. पण ते पाहताना मन म्हणतं, आणखी एकदा विहीर?

‘पिंजर’ही २००३चाच. अमृता प्रीतमची कादंबरी १९५०ची, चित्रपट चंद्रप्रकाश द्विवेदींचा. लांबलाय, गाण्यांनी भरलाय, सीतेचे दाखले जागोजाग आहेत. पण उर्मिला मातोंडकरनं पुरो फार समजून केलीय. रशीद तिला पळवून नेतो; ती निसटून घरी येते तेव्हा आईबाप दार उघडत नाहीत. फाळणीनंतर ती आपल्या भावजयीला सोडवून सीमेपर्यंत पोचवते. तिथं भाऊ म्हणतो, चल. आणि पुरो रशीदबरोबर मागं राहते. तिला रशीदवर प्रेम बसलं म्हणून, असं सोपं उत्तर चित्रपट देऊ बघतो. कादंबरी वाचली की वाटतं, तिनं एवढंच ठरवलंय की आता पुन्हा दुसऱ्या कोणी आपली जागा ठरवायची नाही. पुरो जिवंत राहते. मला ती बेगम जानपेक्षा जास्त धीट वाटते.

आता आग्र्याला जाऊ. एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा. सलीम मिर्झा म्हटलं की आपल्याला बलराज साहनी आठवतात; डबिंग संपलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ला, ते गेले. मला बोलायचंय सलीम मिर्झाच्या आईबद्दल.

हवेली थोरल्या मुलाच्या, हलीमच्या, नावावर आहे. तो पाकिस्तानात निघून जातो आणि हवेली धाकट्या सलीमच्या नावावर करायची राहते. मग कायदा सांगतो, मालक परदेशी गेला, मालमत्ता सरकारजमा. ती मिळते अजमानी नावाच्या सिंधी व्यापाऱ्याला. ही भूमिका ए. के. हंगल यांची, आणि हंगल स्वतः कराचीहून आलेले. घर गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं गेलेलं घर मिळतं, आणि दोघंही सभ्य आहेत. चित्रपटाचा हा मोठेपणा.

निघायच्या दिवशी सामान लादलं जातं आणि लक्षात येतं की दादी, म्हणजे सलीमची आई, नाही. शोधतात तर ती एका अंधाऱ्या खोलीत दडून बसलीय. भाषण नाही, शिव्याशाप नाहीत. बंदूक तर नाहीच. नवरी होऊन ती या घरात आली, एवढाच तिचा मुद्दा. मुलगा तिला उचलून बाहेर आणतो. भाड्याच्या घरात ती झुरते, आणि अगदी शेवटी तिला डोलीत घालून हवेलीत आणतात. सथ्यू तिथं लग्नाचे सूर वाजवतात, आणि ती जाते. याला मरणाचा सोहळा म्हणता येईल का? मला नाही वाटत. ती मरते वयानं, आणि मरायला का होईना, घरात परत येते.

या प्रसंगात चित्रपटानं जे पकडलंय ते इतरांच्या हातून निसटलं. ज्या घरात आयुष्य गेलं त्या घरावर म्हातारीचं नाव नाही. तिनं नकार दिला तर तो द्यायचा कोणाला? अर्ज कशावर करायचा? मालमत्तेच्या कागदांत हलीम आहे, सलीम आहे, अजमानी आहे. बेगम जानचंही तसंच. कोठा तिच्याकडं आहे तो तिथल्या राजाच्या मर्जीवर. राजाची सत्ता गेली की मर्जीची किंमत शून्य.

दादीचं काम करणाऱ्या बदर बेगम आग्र्याच्याच. सथ्यूंनी सांगितलेली हकिगत अशी, की या भूमिकेसाठी आधी बेगम अख्तर यांना विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या. मग चित्रीकरण चाललं होतं त्या हवेलीच्या मालकांच्या ओळखीनं बदर बेगम मिळाल्या. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू. सोळाव्या वर्षी सिनेमात काम करायला म्हणून मुंबईला आल्या होत्या, जमलं नाही, परत गेल्या आणि कोठ्याच्या आयुष्यात अडकल्या. पडद्यावर त्यांना आवाज दिला दीना पाठक यांनी. म्हणजे हवेली न सोडणारी खानदानी दादी आपल्याला दिसते ती एका कोठेवालीच्या चेहऱ्यानं. पुढं ‘तमस’मध्ये रातोरात घर सोडून निघालेली बंतो झाल्या त्याही दीनाबाईच.

बंगालकडं थोडं बघून पुढं जातो. निमाई घोष यांचा ‘छिन्नमूल’ १९५०चा. जखम ओली असताना केलेला. सियालदा स्टेशनावर खरे निर्वासित पडलेले होते, त्यांच्यातच कॅमेरा लावला. गाव निघतं तेव्हा एक म्हातारी घराच्या खांबाला मिठी मारून बसते. पुढं फाळणीच्या चित्रपटांत ज्या ज्या बाया हटून बसल्या, त्यांची ही थोरली. ऋत्विक घटक त्यात होते, आणि मग त्यांनी घर सुटल्यानंतरच्या बायकांवर आपले चित्रपट रचले. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता पडद्यावरून दप्तराकडं. डिसेंबर १९४७मध्ये दोन्ही सरकारांनी ठरवलं की पळवलेल्या बाया शोधून ज्याच्या त्याच्या देशात पोचवायच्या. हेतू चांगला होता, शंका नाही. हजारो बायांची त्यामुळं नरकातून सुटका झाली. १९४९मध्ये भारतानं त्यासाठी कायदा केला. १ मार्च १९४७पूर्वी जी मुसलमान होती, त्यानंतर घरच्यांपासून तुटली आणि आता दुसऱ्या धर्माच्या माणसाकडं राहते, ती पळवलेली, मग तिचं वय काहीही असो. पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात शिरावं, तिला छावणीत न्यावं. वाद झाला तर न्यायाधिकरण ठरवेल. छावणीत ठेवणं कायदेशीर, त्याविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही. आणि तिला जायचं नसेल तर? कायद्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. संसदेचं काम करणाऱ्या घटनासभेत काही सदस्यांनी त्यावर हरकत घेतली, पण कायदा झाला. १९५२मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो वैध ठरवला.

१९५५पर्यंत सुमारे ३० हजार बाया इकडून तिकडं, तिकडून इकडं नेल्या गेल्या. त्यांत सुटकेसाठी देवाला हात जोडणाऱ्या होत्या, तशा नव्या घरात मुलंबाळं झालेल्या, पुन्हा एकदा उचलून नेऊ नका म्हणून भांडणाऱ्याही होत्या. काही छावणीतून पळून गेल्या. एकदा दंगलखोरांनी उपटलं, दुसऱ्यांदा सरकारनं. या कामात लाहोरला राहिलेल्या कमला पटेल यांनी हे सगळं गुजरातीत लिहून ठेवलंय. पुस्तकाचं नाव ‘मूळ सोतां उखडेलां’. बाई कार्यकर्त्या होत्या, ही मोहीम चालवणाऱ्या मृदुला साराभाईंच्या सहकारी, स्वतःच हे काम करत होत्या, आणि तरी त्यांनी आपल्या मनातला गुंता लपवला नाही.

हलणार नाही म्हणणारी ही बाई खरी. तिच्या हातात बंदूक नव्हती, मागं आग नव्हती. समोर एक फौजदार होता आणि एक फॉर्म होता, ज्यात तिचं उत्तर लिहायला रकाना नव्हता. तिच्यावर धड चित्रपट झालेला नाही. का, तेही उघड आहे. ती मेली असती तर आपण तिची आरती केली असती. ती परक्याच्या घरात राहायचं म्हणते, आपली मुलं सोडणार नाही म्हणते. मग तिला वीरांगना म्हणायचं की आणखी काही, हे आपलं ठरत नाही.

शेवटी थोडं आपल्याकडचं. फाळणी म्हणजे पंजाब आणि बंगाल, आपला काय संबंध, असं मराठी चित्रपटानं धरून चाललेलं दिसतं. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन पडले, १९४९मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. लोकलनं रोज तिथून जाणाऱ्या किती मराठी दिग्दर्शकांनी त्या बराकींत डोकावून पाहिलं? कराचीत मराठी वस्ती जुनी. तिथली नारायण जगन्नाथ वैद्य शाळा एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं अजून उभी आहे. काही मराठी कुटुंबं फाळणीनंतरही कराची सोडून आली नाहीत. आजही तिथं मराठी बोलली जाते, गणपती बसतात. त्या घरांत १९४७च्या त्या महिन्यांत बायका काय बोलल्या असतील? कोण म्हणालं असेल निघू या, आणि कोण म्हणालं असेल राहू या?

या सभागृहात मागच्या रांगांत चित्रपट शिकणारी मुलंमुली दिसतायत. त्यांच्यापाशी माझं एक मागणं आहे. फाळणीवर काही करायचं मनात आलं तर आधी कमला पटेल वाचा. गुजराती येत नसेल तर इंग्रजी भाषांतर आहे. उल्हासनगरच्या आज्यांकडं जाऊन बसा, त्या आता फार थोड्या उरल्यात. मग पटकथा लिहायला घ्या. आणि तिच्यात हलणार नाही म्हणणारी बाई आली, तर तिला विहीर आणि आग शोधून देऊ नका. तिला पुढची तीस-चाळीस वर्षं जगू द्या आणि तेवढा चित्रपट काढा.